पाठकोऱ्या कागदावरची तूर

मार्च लागला की अकोल्यातल्या गच्च्या बदलतात. जानेवारीत जिथं माणसं पाठीवर ऊन घेत बसलेली असतात तिथं आता जुन्या साड्या अंथरलेल्या दिसतात, चार कोपऱ्यांवर चार विटा, आणि मध्ये लालसर तूर. माझ्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून अशा तीन गच्च्या दिसतात. वर्षाची डाळ घरी करणारी माणसं अजून आहेत याचं मला दरवर्षी नवल वाटतं. दुपारी तेलाचा हात लागलेली ती तूर चमकायला लागते आणि तिचा वास येतो. थोडा तेलाचा, थोडा धुळीचा, थोडा कच्च्या डाळीचा. हा वास आला की मला छापखान्याची शाई आठवते. तुरीच्या वासानं शाई आठवणारी माणसं वऱ्हाडात किती असतील? मला तरी दुसरं कोणी भेटलेलं नाही.

यंदा खिडकीशी उभी आहे तर हातात एक कागद आहे. मी एका खासगी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. आम्हा तासिकावाल्यांना परवा हा छापील कागद वाटला गेला. 'मला ठरलेला संपूर्ण मोबदला मिळाला असून माझी कोणतीही तक्रार नाही, हे मी स्वखुशीने लिहून देत आहे.' मिळतो तो ठरलेल्याच्या निम्मा. शनिवारपर्यंत सही करून द्या, नाहीतर जूनपासून येऊ नका, असं तोंडी सांगितलं. असलं कधी कोणी छापून देत नाही, तोंडीच सांगतात.

'स्वखुशीने' हा छापील शब्द इतक्या जवळून मी याआधी एकदाच पाहिलाय. तेव्हा मी दहावीला होते, आम्ही अमरावतीत बडनेरा रोडच्या आतल्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो आणि गच्चीवर आमची तूर वाळत होती.

बाबा एका छापखान्यात मशीनमन होते. मशीन जुनं, कुरकुरणारं, आणि ते बाबांचंच ऐकायचं. छपाई सुरू करताना पहिले दहावीस कागद वाया जातात. कुठं शाई जास्त, कुठं ओळ तिरपी, कुठं मालकाच्या नावातला काना उडालेला. ते कागद बाबा घरी आणत. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. पाठकोरे कागद. आमचं घर त्या कागदांवर चालायचं. माझ्या वह्या त्यांच्याच, आईनं गोधडीच्या सुईनं शिवलेल्या. फडताळात तेच अंथरलेले, पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली तेच, खिडकीच्या फुटक्या काचेवर तेच.

मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावर. शाळेचं पुस्तक हातात येण्याआधी मी मूळव्याधीवरचा रामबाण उपाय वाचला होता. शिकवणी वर्गांची हमी वाचली होती, बियाण्याच्या जाहिराती, हरवलेल्या म्हशीचं वर्णन, भागवत सप्ताहाचं निमंत्रण, आणि कामगारांच्या सभांची पत्रकं. ही शेवटची मला फार आवडत. त्यांत उद्गारचिन्हं असत. 'उठा!' 'जागे व्हा!' 'किती दिवस सहन करणार!' गणिताच्या वहीत उदाहरण सोडवताना पान उलटलं की मागून कोणीतरी मला उठायला सांगायचं. पंधरा वर्षांची मुलगी अशा वहीवर अभ्यास करत असेल तर ती काय होईल? मी जी झाले ती झाले.

आईची काटकसर हे माझ्या पहिल्या लढ्याचं ठिकाण होतं. अंगाच्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. चहाचा चोथा धुऊन तुळशीला. भाकरीच्या पिठाचे हात धुतलेलं पाणीसुद्धा शेजारच्या म्हशीच्या घमेल्यात जायचं. हिवाळ्यात आई नांदगाव खंडेश्वरला मामांकडे तूर सोंगायला, म्हणजे कापायला, जायची, महिनाभर राहायची, आणि मजुरी पैशात न घेता तुरीत घ्यायची. सख्ख्या भावाकडे मजुरी घेते म्हणून आमच्या नातेवाइकांत तिची चेष्टा होई. तिला त्याचं काही नव्हतं.

"भावाच्या घरचं फुकट खाऊ काय?" ती म्हणे. "कंबर माही दुखते का त्यायची?"

मला प्रश्न पडायचा तो वेगळाच. एवढं वाचवते, ते जातं कुठं? आमच्या घरात नवं काही येत नसे. टीव्ही जुना, कूलर तर नव्हताच, अमरावतीच्या मे महिन्यात आम्ही खिडकीला ओलं पोतं बांधत असू. मग हे वाचवलेलं कशासाठी? मी विचारलं की आईचं उत्तर एकच.

"लागन कधी."

कधी? कशाला? ते सांगत नसे. मला वाटतं, तेव्हा तिलाही ते नेमकं माहीत नसावं.

पत्रकांवर वाढलेल्या मुलीनं जे करायचं तेच मी केलं. दहावीच्या सराव परीक्षेच्या दिवसांत एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'या घरातील काटकसरीबद्दल जाहीर निवेदन!' उद्गारचिन्ह धरून. खाली मागण्या. दोन्ही बाजूंनी कोरी असलेली वही मिळावी. साबणाची वडी एकसंध असावी. पाहुणे नसतानाही कधी कधी पोळीला तूप लागावं. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, ज्याचा मला फार अभिमान होता. गरिबांना काटकसर शिकवणारे लोक श्रीमंतांना कधी का शिकवत नाहीत? ते पत्रक मी तुरीच्या कोठीवर खळीनं चिकटवलं.

आईला वाचायला वेळ लागायचा. तिनं मलाच वाचायला लावलं. मी सभेत उभी असल्यासारखं वाचलं. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"झालं काय वं?"

"झालं."

"शेवटचं बराबर हाये तुयं," ती म्हणाली. "त्यायले कोनी नाई शिकवत." मग उठून तिनं पत्रक अलगद सोडवलं, उलटलं. मागे मूळव्याधीचा रामबाण उपाय. "पन कागद तं तूबी पाठकोराच घेतला नं माय. मंग?"

ते पत्रक पुढं वर्षभर लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बांधलेलं होतं. माझ्या मागण्या तेलानं पारदर्शक होत गेल्या.

शेवटच्या पेपराच्या आदल्या आठवड्यात बाबा दुपारीच घरी आले. मशीन बिघडलं असेल असं मला वाटलं. त्यांनी खिशातून चारपदरी घडी केलेला कागद काढला आणि आईसमोर ठेवला. मग आठवलं की तिला वेळ लागेल, म्हणून मलाच दिला. मी वाचला. बाबा स्वखुशीने काम सोडत आहेत, त्यांचं मागचं काही येणं नाही, आणि यापुढे गरज पडेल तसे रोजंदारीवर येतील. चौदा वर्षांचं काम एका परिच्छेदात संपलं होतं. छपाई मात्र सुरेख होती. बाबांनीच ती केली होती. त्यांनी स्वतःच्या कागदाच्या पन्नास प्रती काढल्या होत्या आणि छापखान्याच्या मालकानं, शेठनं, त्यातली एक त्यांच्या हातात दिली होती.

"पाडव्यापर्यंत सई करून द्या म्हंते शेठ. नाई तं येऊ नोका."

आईनं ऐकून घेतलं. सुपात तूर होती, ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "तुमाले करा वाटते काय?"

"मले वाटून काय होते?"

"मी इचारून रायलो, वाटते का नाई?"

वऱ्हाडात बाया 'मी करतो, मी जातो' असं बोलतात. ते ऐकून पुण्याची माणसं हसतात. त्या दिवशी आईच्या तोंडचं ते 'इचारून रायलो' मला फार भक्कम वाटलं.

"नाई वाटत," बाबा म्हणाले.

"मंग नोका करू." आईनं सूप खाली ठेवलं. "पोतंभर तूर हाये. गहू, जवारी हाये. निम्मी डाय इकू, तीन महिन्याचा किराया निंगते. तीन महिने तं कोनी आपल्याले हलवत नाई."

एवढंच. त्या दुपारी कोणी घोषणा दिली नाही. माझ्या वह्यांच्या पाठीमागे शेकडो उद्गारचिन्हं होती, पण एखादा माणूस नाही म्हणतो तेव्हा घरात काय बोललं जातं हे त्यांतल्या एकाही पत्रकानं मला सांगितलं नव्हतं. किती महिने पुरेल, हा त्यातला पहिला प्रश्न असतो.

म्हणजे आता सगळं त्या पोत्यावर होतं. आमच्या गल्लीत आईच्या डाळीला नाव होतं. पिवळी, टपोरी, विनापॉलिशची. दुकानापेक्षा थोडी स्वस्त. चार घरं दरवर्षी तिच्याकडून घेत. पण डाळ स्वच्छ निघाली तरच.

तुरीची डाळ घरी करणं हे काम बघायला सोपं आहे. आधी तूर चाळायची, निवडायची. मग जात्याचा वरचा दगड थोडा उचलून ती नुसती ओरखडून काढायची, म्हणजे सालीला चीर जाते. त्यावर तेलाचा हात. मग कडक ऊन, रोज वरखाली करत. शेवटी पाण्याचा हबका मारून झाकून ठेवायची, पुन्हा ऊन द्यायचं, आणि मग भरडायची. साल सुटते, डाळ दुभंगते. सुपानं पाखडलं की एकीकडे डाळ, एकीकडे चुरी म्हणजे तुटकी डाळ, एकीकडे टरफलं. चुरीचं आमच्याकडे वरण होई. टरफलं म्हशीवाल्या काकूंकडे जात आणि त्यांच्याकडून उन्हाळाभर ताक येई. फेकायचं काही नसे.

माझा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं मला गच्चीवर पाठवलं. त्या वर्षी सगळी तूर एकदमच वाळवायची होती, साड्या पुरत नव्हत्या. बाबांनी आदल्या दिवशी आणलेल्या वाया गेलेल्या पोस्टरांचा मोठा गठ्ठा होता.

"ते हातर. कोरी बाजू वरतं घेजो," आईनं जिन्याखालून ओरडून सांगितलं.

मी ऐकलं. मला नीट ऐकू आलं होतं, हे मी आज कबूल करते. पोस्टर साड्यांच्या सेलचं होतं. लाल आणि काळी, हाताएवढी अक्षरं. 'एकावर एक मोफत!' आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. मला त्या अटी वाचायच्या होत्या. छापील बाजू खाली गेली तर त्या दिसल्या नसत्या. शाई तर वाळलेली आहे, काय होतंय, असं म्हणून मी सगळे कागद छापील बाजू वर करून अंथरले आणि त्यांवर आईनं तेल चोळलेली तूर पसरली. जिथं तूर नव्हती तिथं उकिडवी बसून वाचत राहिले. 'साठा असेपर्यंत.' 'निवडक मालावरच.' फुकटातलं फुकट कसं नसतं याचा मी शोध लावत होते आणि मला फार हुशार वाटत होतं.

शाई ओली नसली तरी तेल लागलं की ती सुटते. मशीनमनच्या मुलीला हे माहीत असायला हवं होतं. बाबा रोज संध्याकाळी हातांची शाई तेलानंच काढत. मी रोज बघत होते.

तासाभरानं तूर वरखाली करायला हात घातला आणि तो काळा झाला. मी खालचा थर उपसला. दाण्यांवर काळं, लाल, कुठं दोन्ही मिसळून तपकिरी. 'मोफत'मधला 'मो' कागदावरून जवळजवळ नाहीसा झाला होता. मी एक दाणा फ्रॉकला घासला. डाग गेला नाही, फ्रॉकला लागला. आणि मग आठवलं की आईनं ही तूर जात्यातून काढली आहे. प्रत्येक सालीला चीर आहे. शाई चिरेतून आत गेली असेल तर?

तेव्हा मला जे वाटलं ते भीती या शब्दात मावत नाही. मला दिसत होतं की तीन महिने कागदावरून पुसले जात आहेत. बाबांचं 'नाई वाटत' मी माझ्या हातानं पुसत होते.

आई वर आली. तिनं पाहिलं. मी मार खायला तयार होते. तिनं एक दाणा उचलला, दातांत धरून फोडला, दोन्ही डाळी तळहातावर घेऊन उन्हात धरल्या. मग दुसरा. मग खालच्या थरातला एक. 

"काय वाचत होती?" तिनं विचारलं.

"अटी."

"काय हायेत?"

"साठा असेपर्यंतच."

आईच्या तोंडावर हसू येतंय की रडू, मला कळेना. "मंग आपला साठा उचल आता," ती म्हणाली. "पयले वरचा थर. खालचा येगळा. हात नोको लावू, सुपानं उचल."

आम्ही दोघींनी ते पोतं सूप सूप करत वेगळं केलं. वरचा थर स्वच्छ होता, निम्म्याहून जास्त. खालचा काळा. संध्याकाळी बाबा वर आले, हातात मूठभर काळी तूर घेऊन बघत राहिले. आयुष्यभर ज्यांनी कागदावर शाई नीट बसावी म्हणून धडपड केली त्यांना ती नको तिथं नीट बसलेली दिसत होती. त्यांनी ती मूठ काळ्या थरात परत सोडली. कागदावर सही करायला पाडव्यापर्यंत दहा दिवस होते आणि कागद देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या डबीखाली होता. मी येता जाता त्याच्याकडे बघत होते.

भरडायच्या दिवशी आईनं काळी तूर आधी घेतली. "वाईट असन ते आंधी पाहू," म्हणाली. ती आणि म्हशीवाल्या काकू जात्याला बसल्या. घर्र घर्र आवाज, पाळीवर साचत जाणारा लालकाळा भरडा, आणि मी समोर बसलेली. आईनं पहिलं सूप भरलं, पाखडलं. टरफलं उडाली. काळी, लाल, होळीनंतरच्या अंगणासारखी. आणि सुपात डाळ राहिली.

पिवळी होती.

अगदी सगळी नव्हे. दहा दाण्यांत एखाददुसऱ्याच्या कडेला करड्या रेषेसारखं काहीतरी होतं. पण बाकीची पिवळी. एवढीशी साल, तिनं सगळा सेल आपल्या अंगावर घेतला होता. काकू म्हणाल्या, "बाप्पा! मोत्यावानी निंगाली नं वं."

आईनं डागाची डाळ एकेक करून वेचली. दोन दिवस वेचत होती. वेचलेली डाळ आणि ती रंगीत टरफलं तिनं एका फडक्यात बांधली. काकू म्हणाल्या, द्या म्हशीले. आई म्हणाली, "नाई, तिच्या पोटात शाई नोको." आणि गल्लीच्या टोकाला खड्डा करून तिनं ते पुरलं. आईनं काही टाकून दिलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. काटकसर म्हणजे काहीही न टाकणं असं मी माझ्या पत्रकात गृहीत धरलं होतं. काय टाकायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे ताक निम्मंच आलं.

पाडव्याला बाबांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. डाळ ठरलेल्या चार घरांत गेली, किराया निघाला, आम्ही चुरीचं वरण खाल्लं.

छापखान्यात बाबांच्या जोडीला वामनकाका होते, बाइंडिंग करणारे. त्यांनाही तोच कागद मिळाला होता. त्यांनी पाडव्याच्या आदल्या दिवशी सही केली. मला कळलं तेव्हा मी जेवणाच्या ताटावरून म्हणाले, "घाबरट आहेत ते. फितूर!" हा शब्द मी पत्रकांतूनच शिकले होते.

बाबा सहसा रागावत नसत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"त्याची बायको पावशेर डाय आनते दुकानातून. रोज. एका खोलीत चार मानसं, कोठी ठेवाले जागा नाई. पोतंभर तूर एकदम आनाले जो पैसा लागते तो त्यानं कदी पाह्यला नाई." मग थोडं थांबून म्हणाले, "तुया मायनं महिनाभर तूर सोंगली म्हून मी नाई म्हनलो. माह्यात अन् वामनात एका पोत्याचा फरक हाये. घाबरट म्हनाचं नाई."

मी मनाशी हिशोब केला. सुटी डाळ घेणाऱ्याला ती महाग पडते. ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच जास्त मोजावं लागतं, आणि वर त्यालाच काटकसर येत नाही म्हणून शिकवलं जातं. माझं पत्रकातलं शेवटचं वाक्य बरोबर होतं, आईही तसं म्हणाली होती. पण मी ते चुकीच्या कोठीवर चिकटवलं होतं.

मग लग्नसराई आली. एप्रिलच्या मध्यावर अमरावतीत प्रत्येकाला पत्रिका छापायची असते आणि ती कालच छापून हवी असते. शेठनं आणलेल्या नव्या माणसाचं ते जुनं मशीन ऐकेना. नवरीच्या वडिलांच्या नावावर दोनदा शाई सांडली म्हणे. अक्षयतृतीयेच्या आधी शेठ स्कूटरवर आमच्या गल्लीत आले. आईनं त्यांना चहा दिला. चांगल्या कपात, साखर नेहमीएवढी.

"चला राजेहो, झालं गेलं," शेठ म्हणाले. "कागदाचं पाहू मंग."

"मंग नाई," आई दारातून म्हणाली. "आता पाह्यजा."

शेठनं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी फळीवरून तो कागद काढला, हळदीचा गोल डाग पडला होता त्यावर, आणि शेठच्या हातात ठेवला. शेठनं तो खिशात घातला. बाबा पूर्वीच्याच पगारावर परत गेले. फार मोठा विजय नव्हता. पगार वाढला नाही. वामनकाका रोजंदारीवरच राहिले आणि पुढच्या वर्षी बडनेऱ्याला कुठंतरी निघून गेले. आमच्या घरी त्यांचं नाव निघालं की अजूनही आई काहीतरी निमित्त काढून उठते. मला ते नीटसं उलगडलेलं नाही. आम्ही जिंकलो की आम्ही फक्त टिकलो? वामनकाकांना पोतंभर तूर उसनी देता आली असती का? आईला मी एकदा हे विचारलं. ती म्हणाली, "देली असती. तो मांगाले आला नाई, अन् आपल्याले सुचलं नाई." यातलं 'आपल्याले सुचलं नाई' माझ्या मनातून जात नाही.

ते सगळं हा कागद हातात आल्यापासून पुन्हा वर आलंय. काल स्टाफरूममध्ये सुनंदाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या तेल्हाऱ्याहून रोज एसटीनं येतात, इतिहास शिकवतात. घरी भाजीचं छोटं दुकान, दोन मुलं शाळेत. कागद त्यांच्या पर्समध्ये होता, पेनाचं टोपण काढलेलं.

"तुम्ही करणार नाही म्हणता ते ठीक आहे हो," त्या म्हणाल्या. "तुमचं एकटीचं आहे. मी जूनमध्ये काय करू? नवरा म्हणतो, निम्मा तर निम्मा, येतो ना?"

पंधराव्या वर्षी मी त्यांना काय म्हणाले असते हे मला पक्कं माहीत आहे. काल मी विचारलं, "ताई, घरी डाळ किती दिवसांची आहे?"

त्या चमकल्या. "हा काय प्रश्न आहे?"

"पहिला प्रश्न आहे."

त्या हसल्या, मग विचारात पडल्या. आठवड्याची, म्हणाल्या. भाजी घरची, बाकी सगळं आठवड्याचं. मी त्यांना पोत्याची गोष्ट सांगितली, शाईसकट. त्यांना शाईचा भाग फार आवडला. बस चुकेल म्हणून मग त्या उठल्या. जाताना पेनाला टोपण लावलं की नाही, मला दिसलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. ती अजून अमरावतीतच आहे, अजून सोंगायला जाते, कंबर अजून दुखते.

"आई, यंदा तुरीचं काय?"

"हाये नं. काहून?"

"मला दोन पोती पाहिजेत. मामांना सांग, पैसे मी देते. हप्त्यानं देईन."

"दोन? एकटी मानूस तू, दोन पोते काय करशीन?"

मी तिला कागदाचं सांगितलं. सुनंदाताईंचं सांगितलं.  तिकडून सुपाचा आवाज येत राहिला.

"दोघीले तीन महिने पुरन," आई म्हणाली. "जात्याचं काय करशीन? गिरनीतून भरडून घेजो. अन् हे पाह्य…"

"कोरी बाजू वर," मी म्हणाले.

"हां."

आज शुक्रवार आहे. समोरच्या गच्चीवरच्या काकू तूर वरखाली करतायत, त्यांच्या बांगड्यांचा आवाज इथपर्यंत येतोय. मी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. तळाशी बारीक अक्षरांत काही अटी आहेत का तेही पाहिलं. सवय. मग कागद उलटला. चांगला जाड कागद आहे, संस्थेनं खर्च केलेला दिसतो, आणि मागची बाजू पूर्ण कोरी.

त्यावर मी लिहिलं. आम्हाला ठरल्याच्या निम्मा मोबदला मिळतो. पूर्ण मिळाला असं आम्ही लिहून देणार नाही. पूर्ण मिळेल त्या दिवशी लिहून देऊ. तीन वाक्यं, एकही उद्गारचिन्ह नाही. खाली सह्यांसाठी दोन ओळी आखल्या. पहिल्या ओळीवर माझी सही केली. दुसरी मोकळी आहे. उद्या सकाळी तेल्हाऱ्याची बस साडेनऊला स्टँडवर लागते. मी तिथं उभी असेन, कागद घेऊन, आणि आधी सुनंदाताईंना दोन पोत्यांचं सांगेन.